राजहंस नर की मादी? मोठे पक्षी घरी आणले असतील तर ओळखायचं कसं, वाचा सविस्तर

मावळ : पवना धरणाच्या काठावरचा, नाहीतर तुंगार्लीकडचा एखादा बंगला विकला जातो. जुना मालक मुंबईला निघतो. जाताना बंगल्यावर काम करणाऱ्या दादांना म्हणतो, “हे चार हंस तुम्हीच घेऊन जा. दोन जोड्या आहेत.” पक्षी टेम्पोतून गावात येतात, पोरं खूश होतात, राजा-राणी अशी नावं पडतात. वर्ष जातं आणि अंडं एकही मिळत नाही. किंवा अंडी भरपूर, पण पिल्लू एकही निघत नाही. कधी तर एका सकाळी ‘राजा’च अंडं घालून मोकळा होतो.

“दोन जोड्या” हा शब्द अनेकदा अंदाजानं दिलेला असतो. राजहंसाचे नर आणि मादी दिसायला जवळपास सारखे असतात. कोंबड्यासारखा तुरा नाही, मोरासारखा पिसारा नाही, रंगातही फरक नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं पक्षी पाळणारेही फसतात. ही चूक महागात पडू शकते. तीन मोठे पक्षी सांभाळणं परवडत नाही म्हणून ‘जास्तीचा नर’ विकला आणि नंतर कळलं की अंडी घालणारी एकुलती एक मादी तीच होती, तर पुढचा सगळा हंगाम वाया जातो. उलट एका मादीमागे तीन नर राहिले तर त्यांच्यात मारामाऱ्या होतात आणि त्या मादीच्या मानेची पिसं उपटली जाऊन ती जखमी होते. घरात लहान मूल असेल तर अंगावर येणारा पक्षी कोणता, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आधी हे बघा, पक्षी नेमका कोणता?

आपल्याकडे अंगणातल्या ज्या पक्ष्याला राजहंस किंवा नुसतं हंस म्हणतात, तो खरं तर पाळीव गूज आहे. गोष्टीतला आणि चित्रातला लांब, वळणदार मानेचा राजहंस वेगळा, तो आपल्या भागात पाळला जात नाही. पण गावोगावी नाव राजहंस असंच रूढ आहे, म्हणून इथंही तेच वापरलं आहे.

पाळीव राजहंसाचे मूळ पूर्वज दोन. एक युरोपाकडचा राखी जंगली हंस आणि दुसरा चीनकडचा. चीनकडून आलेल्या जातीच्या चोचीच्या मुळाशी, कपाळावर, एक गुठळी असते. युरोपीय जातीला ती नसते. दोन्हींचा संकर सहज होतो आणि त्याची पिल्लंही पुढे वाढतात, त्यामुळे फार्महाऊसवरच्या कळपात अर्धवट गुठळीचे, पांढऱ्यावर राखी डाग असलेले मिश्र पक्षी दिसू शकतात. नर-मादी ओळखताना हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तो पुढे येईलच.

बदकाचा नियम हंसाला लावू नका. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. साध्या बदकाच्या नराला शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसं असतात आणि मादीचा ‘क्वॅक क्वॅक’ आवाज मोठा असतो, हे अनेकांना ठाऊक असतं. राजहंसाच्या नराला असं वळलेलं पीस कधीच येत नाही. शेपटी बघून “चारही माद्याच आहेत” म्हणणारा माणूस बदकाचा हिशोब हंसाला लावत असतो. तोंडावर लाल खरबरीत मांस असलेलं जे मोठं बदक असतं, ते मस्कोव्ही. तोही हंस नव्हे, त्याची ओळख वेगळी.

आणखी एक गोष्ट. कोणी राखी रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असलेला हंस आणून दिला तर तो घरी ठेवू नका. तो पट्टकादंब, हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणकडे येणारा जंगली पाहुणा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे. जखमी सापडला असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवावं.

जुन्या मालकाला विचारायचे प्रश्न

पक्षी टेम्पोत चढवण्याआधी दोन मिनिटं थांबून विचारलं तर अर्धं काम तिथंच होतं. यांच्यापैकी कोणी कधी अंडं घातलं का? अंड्यांवर बसलेला पक्षी कोणता होता? कोण कोणाच्या मागे फिरतो? वय किती? “माहीत नाही” हे उत्तरही कामाचं आहे, कारण मग “जोड्या आहेत” या शब्दावर किती विसंबायचं ते कळतं.

अंड्यांवर मादीच बसते. नर जवळ उभा राहून राखण करतो. त्यामुळे महिनाभर घरट्यात बसलेला पक्षी मालकाला आठवत असेल तर ती मादी, हे पक्कं धरता येतं. वयाचं विचारायचं कारण असं की चिनी जातीच्या माद्या साधारण वर्षाच्या आसपास अंड्यावर येतात, पण जड जातींना दुसरं वर्ष उजाडावं लागतं. वर्षाच्या आतला पक्षी अंडं देत नाही म्हणून तो नर ठरत नाही.

राजहंस जोडी जमवली की ती लवकर मोडत नाहीत. चारातले दोनच घ्यायचे असतील तर एकमेकांना धरून राहणारे दोन घ्यावेत. जोडी तोडली तर पक्षी खाणं कमी करतो, एका कोपऱ्यात उभा राहतो, आणि अशा अवस्थेत त्याच्या वागण्यावरून काहीच ओळखता येत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे नुसतं बघायचं

नवीन आलेले पक्षी घरच्या कोंबड्यांपासून दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत. हे लिंग ओळखण्यासाठी नाही, रोगासाठी आहे. बर्ड फ्लूचा एच-फाइव्ह-एन-वन विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो १९९६ मध्ये चीनमधल्या एका पाळीव हंसात. महाराष्ट्रात २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणीच्या मुरुंब्याला त्याने काय केलं ते पोल्ट्रीवाल्यांना सांगायला नको. हंस-बदकं वरून ठणठणीत दिसूनही विषाणू बाळगू शकतात. वेगळं ठेवण्याच्या याच दिवसांत निरीक्षणाचं काम उरकता येतं.

चार पांढरे पक्षी असतील तर कालचा कोणता आणि आजचा कोणता, हे दुसऱ्याच दिवशी विसरायला होतं. म्हणून प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लास्टिकचं कडं घालावं. कडं सैल हवं, करंगळी आत जाईल इतकं. दोरा किंवा सुतळी बांधू नये, ती ओली होऊन आवळते आणि पाय सुजतो. मग मोबाइलवर रोज थोडा व्हिडिओ काढायचा. लाल कड्याचा पक्षी ओरडताना, निळ्या कड्याचा ओरडताना, असा प्रत्येकाचा वेगळा. पंधरा दिवसांनी हे व्हिडिओ एकापाठोपाठ एक लावले की आवाजातला फरक अंगणात उभं राहून कळत नाही इतका नीट कळतो.

आवाजाचा नियम लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. मोठा देह म्हणजे जाड आवाज असं वाटतं. प्रत्यक्षात नराचा आवाज पातळ, वरच्या पट्टीतला आणि एकामागून एक पटपट येणारा असतो. मादीचा आवाज जाड, खालचा, तुटक. चिनी जातीत हा फरक जास्त स्पष्ट असतो. एक पक्षी पत्र्याआड किंवा भिंतीमागे नेऊन ठेवला की बाकीचे त्याला हाका मारतात आणि तो उत्तर देतो. हे सवाल-जवाब रेकॉर्ड करावेत, कारण त्या वेळी प्रत्येक जण आपल्या खऱ्या आवाजात ओरडतो. फुसकारणं मात्र मोजू नका. नर आणि मादी दोघंही फुसकारतात.

वागण्यावरूनही अंदाज येतो. अनोळखी माणूस किंवा कुत्रा आला की नर बहुधा पुढे येतो. मान जमिनीलगत लांब करून, पंख थोडे उघडून तो चालून जातो. शत्रू मागे हटला की परत आपल्या मादीकडे येऊन दोघं मान ताणून जोरजोरात ओरडतात. माद्या मागे गोळा होऊन राहतात. पण अंड्यांवर बसलेली मादी नरापेक्षा तिखट असते आणि काही नर स्वभावानेच भित्रे असतात.

“पाण्यात वर चढला तो नर” ही गावातली ठाम समजूत. राजहंस बहुधा पाण्यात जुळतात हे खरं. पण दोन माद्याच असल्या तरी एक दुसरीवर चढते आणि दोन नरही जोडी करून राहतात. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी आयुष्यभर राखी हंसांचा अभ्यास केला, १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. नर-नराच्या पक्क्या जोड्यांबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणून डबक्यातला एखादा प्रसंग बघून निकाल देऊ नये.

गुठळी, मान आणि पोट

चिनी जातीत नराच्या कपाळावरची गुठळी मादीपेक्षा मोठी आणि उंच असते. नराचं डोकं रुंद, मान लांब आणि जाड. वजनात नर साधारण पाच किलो, मादी चार-साडेचार. ऐकायला सोपं वाटतं, पण तुलना एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या पक्ष्यांत करायची असते. चार वर्षांच्या मादीची गुठळी वर्षाच्या नरापेक्षा मोठी असू शकते. संकरित नराला तर जेमतेम फुगवटा असतो. चिनी मादीशेजारी असा संकरित नर उभा केला की बघणारा हमखास उलटं सांगतो.

पोटाकडे बघताना पक्षी बाजूने उभा असताना बघावा. अंडी दिलेल्या मादीचं पोट मागच्या बाजूला, दोन पायांच्या मध्ये, खाली उतरलेलं आणि भरदार दिसतं. नराचं पोट वर चढलेलं, अंग पुढून उंच. पण खाऊन लठ्ठ झालेल्या नराचंही पोट लोंबतं. रिसॉर्टवर पाहुण्यांनी पाव आणि वेफर्स खाऊ घातलेल्या पक्ष्यांत हे विशेष बघावं लागतं.

रंगाबद्दल एकच वाक्य पुरे. पांढरा नर आणि राखी मादी, असा नियम परदेशातल्या एक-दोन खास जातींत आहे, आपल्या अंगणातल्या मिश्र पक्ष्यांना तो लागू होत नाही.

हात लावून बघण्याची एक सौम्य खूण आहे. शेपटीखाली, मागच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. अंड्यावर असलेल्या मादीत या दोन टोकांमध्ये तीन बोटं मावतील इतकी जागा होते. नरात ती कायम अरुंद, एखाद्या बोटाएवढी. कोंबडी अंड्यावर आहे का हे बघायला जुन्या बायका हेच करतात. मात्र राजहंस वर्षभर अंडी देत नाही. हंगाम नसताना मादीचीही हाडं जवळ आलेली असतात. जागा रुंद असेल तर मादी नक्की, अरुंद असेल तर काहीच नक्की नाही.

खात्रीची तपासणी

आवाज, गुठळी, वागणं या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर बहुतेकांचं काम तिथंच भागतं. तरी शंका राहिली, किंवा पक्षी विकायचा-घ्यायचा व्यवहार असेल, तर मागचं द्वार तपासावं लागतं. पोल्ट्रीवाले याला ‘व्हेंट’ बघणं म्हणतात.

कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लात हे कसब फार अवघड. १९२०च्या दशकात जपानी लोकांनी ते शास्त्र म्हणून बसवलं आणि त्यासाठी माणसं तयार केली. हंस आणि बदकात ते सोपं आहे, कारण बहुतेक पक्ष्यांत नराला बाहेर येणारं इंद्रिय नसतं, पण हंस, बदक, शहामृग अशा थोड्या पक्ष्यांत ते असतं.

पहिल्यांदा हे काम पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून किंवा जाणत्या पाळणाऱ्याकडून करून घ्यावं आणि शेजारी उभं राहून बघावं. तालुक्यात डॉक्टरांचा बराच दिवस गाई-म्हशींत जातो, प्रत्येकाने हंस हाताळलेला असतोच असं नाही. म्हणून जाण्याआधी विचारून जावं. आधी न विचारता चार हंस पोत्यात घालून दवाखान्यात नेणं हा पक्ष्यांना निव्वळ त्रास आहे.

पक्षी आल्या आल्या तपासणी नको. चार-पाच दिवस रुळू द्यावं. दुपारच्या उन्हात तर नकोच, संध्याकाळी अंधारून आलं की पक्षी शांत असतात. दोन माणसं लागतात. पाय धरून किंवा एक पंख धरून उचलायचं नाही, राजहंसाचे पाय देहाच्या मानाने नाजूक असतात आणि लचकले की पक्षी महिनाभर लंगडतो. एका हाताने डोक्याच्या खाली मान हलकेच धरायची, दुसरा हात अंगाखाली घालून दोन्ही पंख आपल्या कडेला दाबून घ्यायचे आणि डोकं आपल्या पाठीमागे जाईल असा पक्षी काखेत धरायचा. पंखाचा फटका साधा नसतो. तोंडाजवळ मोकळा पंख येऊ देऊ नका.

धरणारा खाली बसतो आणि पक्षी मांडीवर पोट वर करून, शेपटी बघणाऱ्याकडे करून ठेवतो. बघणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि बोटाला थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावं. शेपटी पाठीच्या दिशेला हलकेच वाकवायची, द्वाराच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून बाहेरच्या बाजूला अलगद दाब द्यायचा आणि थांबायचं. आतलं स्नायूचं कडं सैल व्हायला अर्धा-एक मिनिट लागतो. घाई केली की पक्षी आणखी आवळून धरतो.

नर असेल तर पांढरट-गुलाबी, पीळ दिल्यासारखं वळलेलं इंद्रिय बाहेर येतं. मोठ्या नरात ते काही सेंटिमीटर असतं, बघितल्यावर शंका राहत नाही. वर्षाच्या आतल्या नरात मात्र ते सेंटिमीटरभरच, टोकासारखं. मादीत असं काही नसतं, गुलाबी ओलसर घड्या दिसतात.

फसगत इथंही होते, आणि ती नेहमी एकाच बाजूला होते. इंद्रिय दिसलं तर तो नर, यात चूक नाही. पण दिसलं नाही म्हणून मादी असं होत नाही. दाब कमी पडला असेल, पक्ष्याने आवळून धरलं असेल किंवा हंगाम नसल्यामुळे ते लहान झालेलं असेल. नवशिक्याच्या हातून ‘मादी’ ठरलेल्यांपैकी काही नर निघतात. म्हणून नर ओळखीचा आहे अशा एखाद्या पक्ष्यावर आधी हात बसवावा आणि ‘मादी’ निघालेल्या पक्ष्याची तपासणी आठवड्याने पुन्हा करावी.

पोटात अंडं आहे असं वाटलं तर तपासणी लगेच थांबवावी. दाबाने अंडं आत फुटलं तर मादी दगावू शकते. पक्षी तोंड उघडून धापा टाकू लागला तरी सोडून द्यावा, पाठीवर तो फार वेळ सहन करत नाही. जोर लावून पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. नराचं इंद्रिय बाहेरच लोंबत राहिलेलं दिसलं, तपासणीनंतर किंवा एरवीही, तर ते मातीने आणि माश्यांनी लगेच खराब होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, हंसाच्या विष्ठेतून पोटाचे आजार माणसाला होऊ शकतात.

पिसांवरून डीएनए

हात लावायची भीती वाटत असेल तर पिसांवरून डीएनए तपासणी होते. पोपट पाळणाऱ्या शहरी लोकांमुळे खासगी प्रयोगशाळा हे काम करतात, नमुना कुरिअरने पाठवता येतो. पक्ष्यांत हिशोब माणसाच्या उलटा असतो. नरात दोन सारखी लिंगसूत्रं असतात, मादीत दोन वेगळी, आणि प्रयोगशाळा तेच शोधते. छातीवरची चार-पाच पिसं मुळासकट उपटलेली हवीत. अंगणात गळून पडलेलं पीस चालत नाही. एकतर त्याच्या मुळाशी जिवंत पेशी राहिलेल्या नसतात आणि दुसरं म्हणजे ते कोणाचं हेच ठाऊक नसतं. पिसाच्या मुळाला बोट लावू नये. प्रत्येक पक्ष्याचं पाकीट वेगळं, कागदी, आणि वर कड्याचा रंग लिहिलेला. एवढा खर्च दोन अंगणातल्या पक्ष्यांसाठी करावा का, तर सहसा नाही. महागडी जोडी विकत घेताना मात्र तो वसूल होतो.

अंडं सापडलं, पण घातलं कोणी?

अंडं सापडलं म्हणजे कळपात किमान एक मादी आहे, इतकंच सिद्ध होतं. कोणती, ते शोधायला संध्याकाळी प्रत्येक पक्षी वेगळ्या खुराड्यात किंवा मोठ्या डालग्याखाली ठेवायचा, खाली भाताचा कोरडा पेंढा. मादी बहुधा पहाटे आणि एक दिवसाआड अंडं देते, त्यामुळे तीन-चार रात्रीत उत्तर मिळतं. जागा बदलल्यावर काही दिवस अंडी बंद होतात, तेव्हा आणल्या आल्या हा प्रयोग करून उपयोग नाही.

घरट्यात अंडी फारच झपाट्याने साठत असतील, तर दोन माद्या एकाच ठिकाणी घालत असण्याची शक्यता मोठी. ‘जोडी’ म्हणून आणलेल्या दोन माद्यांचं गुपित कित्येकदा असंच फुटतं.

नर आहे की नाही याची दुसरी परीक्षा अंड्यातच असते. मादी बसल्यावर सातव्या ते दहाव्या दिवशी, रात्री अंधाऱ्या खोलीत अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं की अंडं फळलेलं आणि नर घरात आहे. सगळी अंडी आरपार स्वच्छ दिसली तर नर नसेल, किंवा असूनही नवा, फार म्हातारा, लठ्ठ किंवा पाण्याअभावी जुळत नसेल. एका हंगामाच्या रिकाम्या अंड्यांवरून नराला मादी ठरवू नये. मादीला मात्र रिकाम्या अंड्यांवर महिनाभर बसू देऊ नये, ती बसल्या काळात खाणं सोडते आणि वाळते. अंडी काढून घ्यावीत.

सगळ्याच माद्या निघाल्या तर वाईट काही नाही. अंडी खायला मिळतात, एकेक अंडं कोंबडीच्या दोन-तीन अंड्यांएवढं. पिल्लं हवी असतील तर तीन-चार माद्यांना एक नर पुरतो. सगळेच नर निघाले तर त्यांना एकत्र वाढलेले असल्यास तसंच राहू द्यावं, मध्येच एक मादी आणून सोडली की अंगणात युद्ध सुरू होतं. जास्तीचा पक्षी इंद्रायणीत किंवा धरणाच्या पाण्यात नेऊन सोडणं हा उपाय नव्हे. पाळीव राजहंसाला उडून जाता येत नाही आणि पहिल्याच रात्री कुत्री किंवा बिबट्या त्याला गाठतो.

नर कोणता हे कळल्यावर घरातल्या पोरांना तो दाखवून ठेवावा. हंगामात तो चालून आला तर पळायचं नाही, पळालं की तो पाठ धरतो. ताठ उभं राहून, हातात घमेलं किंवा टोपली आडवी धरून हळूहळू मागे सरायचं. पाहुण्यांचं येणं-जाणं असलेल्या होमस्टेवर हंगामापुरता नराला जाळीत ठेवलेलं चांगलं. आणि “हंस असला की साप येत नाही” असं म्हणतात, त्या भरवशावर पावसाळ्यात रात्री बॅटरीशिवाय खुराड्याकडे जाऊ नये.

मादी बसली आणि सगळं जमलं तर साधारण तिसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं बाहेर येतात. पिल्लाचं द्वार तपासणं पहिल्या एक-दोन दिवसांत जाणत्या हाताला सोपं जातं. डॉक्टर किंवा अनुभवी माणूस तेव्हाच बोलावून प्रत्येकाच्या पायात रंगीत कडं घालून घ्यावं. पिल्लाचा पाय भराभर जाड होतो, तेव्हा दर आठवड्याला कडं बदलायचं.